राजा नसलेल्या मुलखाची लढाई
ब्रिटिश सत्तेला इग्बो समाजाने केलेला प्रतिकार

इग्बो लोकांचा मुलूख आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात येतो. नायजर नदीच्या पश्चिम काठावर असाबाच्या आसपास थोडा आणि पूर्वेला क्रॉस नदीपर्यंत बराच, असा तो पसरला आहे. तेलमाडांची दाट राने, रताळ्यासारख्या पण आकाराने कितीतरी मोठ्या ‘याम’ कंदाची शेती आणि एकमेकांना जवळजवळ लागून असलेल्या वाड्यावस्त्या, असे या भागाचे रूप. ‘इग्बो एन्वे एझे’, म्हणजे इग्बोंना राजा नसतो, अशी तिथली एक जुनी म्हण आहे. ओनित्शासारख्या काही गावांत गादी होती आणि न्री इथल्या धर्मगुरूला मोठा मान होता. त्यामुळे म्हण शब्दशः खरी नाही. तरीही साऱ्या इग्बोंवर हुकूम चालवणारा राजा, राजधानी किंवा खडे सैन्य कधीच नव्हते, हे खरे.

सत्ता गावातच वाटलेली असे. एका मूळ पुरुषाची भावकी म्हणजे ‘उमुन्ना’. कित्येक भावक्या मिळून गाव आणि काही गावे मिळून गावांचा समूह. निर्णय गावसभेत होई. तिथे वडीलधाऱ्यांचा शब्द जड असला, तरी बोलायची मुभा प्रत्येक मोठ्या पुरुषाला होती. रस्ते साफ करणे, बाजार राखणे, गावाचे रक्षण करणे ही कामे वयानुसार बांधलेल्या तुकड्या करत. ‘ओझो’सारख्या मानाच्या पदव्या माणसाला स्वतःच्या मिळकतीतून कमवाव्या लागत. या सगळ्यांच्या वर होती ‘आला’, म्हणजे धरित्रीदेवी. खून, चोरी, अगम्यगमन हे तिच्याविरुद्ध केलेले पातक मानले जाई. आठवडा चार दिवसांचा होता, एके, ओरिये, आफो आणि न्क्वो. बाजार या वारांनी भरत, आणि बातमीही बाजारानेच गावोगाव जाई.

स्त्रियांच्या संघटना वेगळ्या होत्या. गावात जन्मलेल्या आणि लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या माहेरवाशिणींची ‘उमुआडा’ आणि गावात नांदायला आलेल्या सुनांची ‘इन्योम’. माहेरच्या मर्तिकात, भावाभावांच्या भांडणात उमुआडांचा शब्द चाले. सुनांची सभा बाजाराचे नियम ठरवी आणि पिकात गुरे घालणाऱ्याला दंड करी. पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारला हादरा बसला तो याच सभांमुळे.

ही रचना लक्षात घेतल्याशिवाय इग्बो प्रतिकाराचा इतिहास उलगडत नाही. राजाचे राज्य जिंकताना राजधानी पडली की लढाई बहुधा संपते. पराभूत राजा तहावर सही करतो आणि प्रजा नव्या धन्याची होते. इग्बो मुलखात सही करायला कोणीच नव्हते. एक गाव शरण आले तरी पलीकडच्या गावावर ते बंधनकारक नसे. म्हणून हा मुलूख ब्रिटिशांना गाव गाव करून जिंकावा लागला, आणि त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

किनारा आणि नदी

इग्बो मुलखाचा युरोपशी संबंध आधी गुलामांच्या व्यापारातून आला. बॉनी आणि कलाबार या बंदरांतून अटलांटिकपार गेलेल्या गुलामांत इग्बोंची संख्या मोठी होती. ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार बेकायदा ठरवला. त्यानंतर त्याच बंदरांतून पामतेल जाऊ लागले. ब्रिटनच्या कारखान्यांना यंत्रांच्या वंगणासाठी, साबणासाठी, मेणबत्त्यांसाठी ते हवे होते. तेल आतल्या मुलखात निघे आणि किनाऱ्यावरचे आफ्रिकी दलाल ते गोऱ्या व्यापाऱ्यांना विकत. दलालाला वगळून थेट आत शिरायचे, ही इच्छा ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या मनात तेव्हापासूनची.

त्या इच्छेच्या आड आलेला सर्वांत ठळक माणूस म्हणजे ओपोबोचा जाजा. जन्माने इग्बो, लहानपणी गुलाम म्हणून बॉनीत विकला गेलेला. तिथल्या व्यापारी घराण्यात तो कर्तृत्वाने प्रमुखपदाला पोचला आणि १८६९ मध्ये बॉनी सोडून त्याने ओपोबो हे स्वतःचे राज्य उभे केले. तेलाच्या वाटा त्याच्या हाती होत्या. गोऱ्या व्यापाऱ्यांना टाळून तो स्वतःचा माल थेट ब्रिटनला पाठवू लागला. १८८७ मध्ये प्रभारी कॉन्सल हॅरी जॉन्स्टन याने त्याला सुरक्षिततेची हमी देऊन बोलणीसाठी बोलावले. जाजा आला, तेव्हा त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवले गेले, शरण येणे किंवा युद्ध. त्याला अक्राला नेऊन चौकशी झाली आणि वेस्ट इंडीजमध्ये हद्दपार केले गेले. १८९१ मध्ये परतीची परवानगी मिळाली, पण मायदेशी पोचण्याआधी वाटेत टेनेरीफ बेटावर त्याचा मृत्यू झाला.

नायजर नदीवरची कथा वेगळी नव्हती. ओनित्शाला १८५७ मध्ये मिशन आणि व्यापारी ठाणे झाले. सॅम्युएल अजायी क्राउदर हे योरुबा धर्मोपदेशक त्या मिशनचे प्रवर्तक. भांडणे वाढली तेव्हा १८७९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने ओनित्शावर तोफा डागल्या. १८८६ मध्ये जॉर्ज गोल्डी यांच्या कंपनीला राजसनद मिळाली आणि ती रॉयल नायजर कंपनी झाली. असाबा हे तिचे मुख्य ठाणे. कंपनीकडे स्वतःचे शिपाई होते, स्वतःची न्यायालये होती, आणि नदीवर दुसऱ्या कोणाला व्यापार करू न देण्याइतके बळ होते. १ जानेवारी १९०० रोजी कंपनीचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि ‘दक्षिण नायजेरिया’ हा संरक्षित प्रदेश जाहीर झाला. नकाशावर इग्बो मुलूख त्या दिवशी ब्रिटिशांचा झाला. त्यातल्या बहुतेक गावांनी तोवर गोरा माणूस पाहिलाही नव्हता.

अरोचुक्वूची मोहीम

नवे हाय कमिशनर राल्फ मूर यांची समजूत अशी होती की, आतल्या मुलखावर अरो लोकांचे राज्य आहे आणि ते मोडले की बाकीचे आपोआप शरण येतील. क्रॉस नदीजवळच्या अरोचुक्वू इथे ‘इबिनी उक्पाबी’ हे प्रख्यात दैवत होते. ब्रिटिश त्याला ‘लाँग जुजू’ म्हणत. न सुटणारे तंटे घेऊन लांबलांबची माणसे तिथे कौल लावायला येत. दोषी ठरलेल्याला देवाने गिळले, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात तो बहुधा गुलाम म्हणून विकला जाई. अरोंच्या व्यापारी वसाहती इग्बो मुलखात सर्वदूर होत्या आणि आबाम, ओहाफिया यांसारखे लढाऊ शेजारी त्यांच्यासाठी शस्त्र धरत. हे जाळे मोठे होते, पण ते व्यापाराचे आणि श्रद्धेचे होते. राज्य त्याला म्हणता येत नव्हते.

लांबलेली मोहीम अखेर नोव्हेंबर १९०१ मध्ये निघाली. ती सुरू होत असतानाच अरो आणि त्यांच्या साथीदारांनी ब्रिटिशांशी मैत्री केलेल्या ओबेगू गावावर हल्ला करून शेकडो माणसे मारली. लेफ्टनंट कर्नल मोंटानारो यांच्या हाताखाली दीड हजारांवर सैनिक आणि त्याहून अधिक हमाल होते. ओगुटा, अक्वेटे, उन्वाना आणि इतू अशा चार बाजूंनी फौजा आत शिरल्या. अरोंनी वाटेवर चर खोदले, झाडीतून गोळीबार केला, पण ठासणीच्या बंदुका मॅक्सिम तोफांपुढे टिकणाऱ्या नव्हत्या. डिसेंबरच्या अखेरीस अरोचुक्वू पडले आणि दैवताचे स्थान सुरुंगाने उडवून देण्यात आले. मार्च १९०२ मध्ये मोहीम संपल्याचे जाहीर झाले.

गुलामीचा अंत हे मोहिमेचे कारण म्हणून सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पण मूर यांच्या उद्दिष्टांच्या यादीत आतला मुलूख व्यापाराला खुला करणे, ब्रिटिश नाणे रूढ करणे आणि मजुरांचा बाजार उभा करणे हेही होते. मुख्य हिशेब मात्र चुकला. अरोचुक्वू पडले म्हणून दुसरे कोणी शरण आले नाही, कारण त्या गावांवर अरोंचे राज्य कधी नव्हतेच.

एकुमेकू

नदीच्या पश्चिमेला, असाबाच्या मागच्या मुलखात, प्रतिकाराला वेगळे रूप मिळाले. तिथल्या तरुणांची ‘एकुमेकू’ नावाची गुप्त संघटना होती. सभासद शपथेने बांधलेला असे, नाव फोडणाऱ्याला क्षमा नसे, हालचाली रात्रीच्या असत. एरवी एकमेकांशी भांडणारी इबुसा, इसेले-उकू, उबुलू-उकू, ओनिचा-ओलोना, ओग्वाशी-उकू ही गावे या संघटनेने एका धाग्यात आणली. राजा नसलेल्या समाजात गावाच्या वेशीपलीकडे जाणारी एकजूट कशी उभी राहते, याचा हा नमुना.

पहिला मोठा उठाव १८९८ चा, रॉयल नायजर कंपनीविरुद्ध. कंपनीची ठाणी आणि मिशनची केंद्रे यांवर हल्ले झाले. मिशनऱ्यांना ओढाताणीत गोवले गेले याचे कारण उघड होते. गावकऱ्यांच्या नजरेत प्रार्थनाघर, व्यापाऱ्याची वखार आणि शिपायाची छावणी एकाच रस्त्याने आली होती. छापे घालून जंगलात नाहीसे होण्याच्या तंत्राने कंपनीचे शिपाई जेरीस आले. मग सरकारने गावेच जाळायला सुरुवात केली. १९०२ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये फौजा आल्या. १९०४ मध्ये एकुमेकूने डावपेच बदलले. छाप्यांऐवजी प्रत्येक गाव आपापल्या वेशीवर लढले आणि तोफांपुढे एकेक करून पडले. पुढाऱ्यांना पकडून कलाबारच्या तुरुंगात धाडण्यात आले.

तरीही आग विझली नाही. १९०६ मध्ये अग्बोरजवळच्या ओवा इथे रस्त्यांच्या वेठबिगारीवरून असंतोष भडकला आणि क्रू-रीड हा ब्रिटिश अधिकारी मारला गेला. १९०९ मध्ये ओग्वाशी-उकूच्या गादीच्या वादात सरकारने हात घातला, तेव्हा पुन्हा लढाई पेटली आणि ती पुढच्या वर्षीही चालली. त्यानंतरच्या धरपकडीने एकुमेकूचा शेवट झाला. पहिल्या उठावापासून मोजले तर हा लढा दशकाहून अधिक काळ चालला होता. इतिहासकार डॉन ओहाडिके यांनी १९९१ मध्ये या लढ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

गावागणिक युद्ध

नदीच्या पूर्वेला अरो मोहिमेनंतरची वर्षे ‘पॅट्रोल’ची, म्हणजे फौजी गस्तीची, होती. पाऊस सरला आणि वाटा सुकल्या की फौजेची तुकडी निघे. गावाबाहेर तळ पडे, वडीलधाऱ्यांना बोलावणे जाई. बंदुका जमा करा, रस्ता बांधायला माणसे द्या, दंड भरा, अशा अटी असत. गाव आले नाही तर घरे जाळली जात, यामच्या कोठ्या आणि उभी पिके नासवली जात. जमा केलेल्या बंदुका गावकऱ्यांसमोर फोडल्या जात. एझा या इग्बो गटाच्या लोकांनी आपल्यावर वर आकाश आणि खाली धरती यांखेरीज कोणी नाही, असे सरकारला कळवल्याची नोंद आहे. १९०५ मध्ये त्यांच्यावरही मोहीम गेली.

या काळातली एक घटना इग्बोंच्या आठवणीत खोल रुतली. नोव्हेंबर १९०५ मध्ये डॉक्टर स्टुअर्ट हा ब्रिटिश डॉक्टर सायकलवरून ओवेरीहून निघाला आणि वाट चुकला. आहियारा भागातल्या गावकऱ्यांनी त्याला पकडून ठार केले. आधीच्या वर्षांत फौजांनी काय केले ते त्यांना ठाऊक होते. एकटा गोरा माणूस त्यांना पुढच्या फौजेचा अग्रदूत वाटला. सरकारने त्या भागाला कठोर शिक्षा केली. गावे जाळली गेली, अनेक माणसे मारली गेली, आणि त्याला जोडूनच बेंडे ते ओनित्शा या पट्ट्यात मोठी मोहीम राबवण्यात आली. तिचा एक सेनानी ह्यू ट्रेंचर्ड पुढे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचा जनक म्हणून ओळखला गेला. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत लोखंडी घोड्यावरून आलेला गोरा माणूस आणि नंतर उद्ध्वस्त झालेले अबामे गाव येते. त्यामागे आहियाराची ही हकिकत आहे.

सशस्त्र लढे १९१४ पर्यंत आणि तुरळक त्यानंतरही होत राहिले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला उडी भागात उठाव झाला. याच भागात १९०९ मध्ये कोळसा सापडला होता. १९१५ मध्ये एनुगूची खाण सुरू झाली, तेव्हा पहिले मजूर उडीच्या गावांतून सक्तीनेच आणले गेले.

कागदाचे मुखिये

बंदुकीने गाव गप्प झाले, पण त्याचा कारभार कसा चालवायचा हा प्रश्न उरला. ब्रिटिश पद्धत स्थानिक सरदारामार्फत राज्य करण्याची होती. उत्तर नायजेरियात अमीर होते, योरुबांमध्ये राजे होते. इग्बोंत कोणी नव्हते. मग सरकारने ते बनवले. निवडलेल्या माणसाला एक सरकारी सनद, म्हणजे ‘वॉरंट’, दिले जाई. त्या कागदाच्या जोरावर तो गावाचा मुखिया होई आणि स्थानिक न्यायालयाच्या बाकावर बसे. असे ‘वॉरंट चीफ’ १९०० नंतर मुलूखभर उभे राहिले.

ही निवड कशी झाली, ते त्या व्यवस्थेच्या भविष्याइतकेच बोलके आहे. साहेबाने बोलावले की गावाची खरी वडीलधारी माणसे मागे राहत. पकडून नेतील, या भीतीने एखादा उपरा, एखादा गुलाम किंवा चार शब्द बोलण्याचे धाडस असलेला उडाणटप्पू पुढे केला जाई. सरकार त्यालाच सनद देऊन मोकळे होई. काल ज्याला गावसभेत कोणी विचारत नव्हते, तो आज दंड ठोठावू लागला, रस्त्याच्या वेठीला माणसे नेमू लागला, पूर्ण वधूमूल्य न देता बायका करू लागला. त्याच्याहून भारी होता न्यायालयाचा कारकून, कारण लिहिता-वाचता त्यालाच येई. आणि दोघांच्या हाताखालचा न्यायालयाचा शिपाई गावोगाव लोकांच्या शिव्यांचा धनी होता. १९१४ मध्ये ब्रिटिश प्रशासक लुगार्ड यांनी उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक केले. त्यानंतर या न्यायालयांवरची जिल्हा अधिकाऱ्यांची थेट देखरेख आणखी सैल झाली आणि लाचखोरीला आवर राहिला नाही.

या काळातला विरोध शांत, पण चिवट होता. न्यायालयात जाण्याऐवजी लोक तंटे गावातच मिटवत. १९२५ मध्ये ओकिग्वे भागातून नाचत निघालेल्या स्त्रियांच्या टोळ्या गावोगाव गेल्या. त्या मुखियांची अंगणे झाडून काढत आणि जुन्या रीतींकडे परतण्याचा संदेश देत. सरकारला तो एक विचित्र प्रकार वाटला. चार वर्षांनी जे होणार होते, त्याची ती रंगीत तालीम होती.

ओलोकोची बाई

१९२८ मध्ये पूर्वेकडच्या प्रांतांत पुरुषांवर थेट कर बसला. त्याआधी शिरगणती झाली होती आणि तिचा कराशी संबंध नाही असे सांगितले गेले होते. त्यामुळे मोजणी झाली की पट्टी येते, हे लोकांच्या मनात पक्के बसले. त्यातच जिवंत माणसांची मोजदाद करणे इग्बो समजुतीप्रमाणे अशुभ. १९२९ मध्ये पामतेलाचे भाव घसरत होते आणि आयात कापड, मीठ महागले होते. तेल काढण्याचे कष्ट बाईचे. परंपरेने तेलाचा पैसा नवऱ्याकडे जाई आणि आतल्या गरांचा पैसा तिचा. भाव पडले की तिच्या हाती येणारी रोकडही आटे.

अशा वेळी बेंडे विभागाचा प्रभारी अधिकारी कॅप्टन कुक याला जुन्या नोंदी अपुऱ्या वाटल्या. बायका, मुले, शेळ्यामेंढ्या सगळ्यांची नव्याने नोंद करा, असे त्याने मुखियांना सांगितले. ओलोकोचा वॉरंट चीफ ओकुगो याने हे काम मिशन शाळेतला मास्तर मार्क एमेरुवा याच्यावर सोपवले. ओलोकोच्या बायकांनी आधीच सभा घेऊन ठरवले होते की पुरुषांना विचारतात तोवर गप्प बसायचे, बाईला विचारले की निरोप धाडायचा.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एमेरुवा न्वान्येरुवा या बाईच्या अंगणात शिरला. ती पामतेल काढत होती. शेळ्या, मेंढ्या आणि माणसे मोज, असे त्याने सांगितले. तुझ्या आईची कोणी मोजदाद केली होती का, असा उलट सवाल तिने केला. शब्दाने शब्द वाढला आणि तेलाने माखलेल्या हातांनी तिने त्याला धरले. झटापट झाली. तिथून ती तडक बायकांच्या सभेत गेली. ठरल्याप्रमाणे माडाच्या कोवळ्या झावळ्या गावोगाव रवाना झाल्या. झावळी हाती आली की पुढच्या गावी पोचवायची, ही संकटाची खूण होती.

दोन-चार दिवसांत हजारो बायका ओलोकोत जमल्या आणि ओकुगोच्या दारात ‘बसल्या’. ‘पुरुषावर बसणे’ ही इग्बो स्त्रियांची जुनी रीत होती. बायकोला मारणारा, बाजाराचा नियम मोडणारा किंवा दुसऱ्याच्या पिकात गुरे घालणारा माणूस ऐकेनासा झाला की बायका त्याच्या घरी जात. रात्रभर गाणी म्हणत, त्याचे प्रताप मोठ्याने सांगत, याम कांडायच्या मुसळांनी भिंती बडवत, वेळ पडल्यास छप्परही उतरवत. तो चूक कबूल करेपर्यंत कोणी हलत नसे. मध्ये पडायची गावातल्या पुरुषांना मुभा नव्हती. या रीतीचा खास वेश होता. तोंडाला राख किंवा कोळसा, डोक्याला कोवळ्या वेली, कमरेला आखूड वस्त्र, हातात झावळी गुंडाळलेली काठी. रीत जाणणाऱ्याला त्यातून बायका कोणत्या कामाला निघाल्या आहेत ते कळे. गोऱ्या अधिकाऱ्याला मात्र त्यात खवळलेला जमाव दिसला.

बायकांच्या मागण्या स्वच्छ होत्या. बायकांवर कर नाही असे लेखी द्या आणि ओकुगोला पदावरून काढा. बेंडेच्या अधिकाऱ्याने आश्वासन दिले, ओकुगोची अधिकाराची टोपी काढून घेतली आणि खटला चालवून त्याला दोन वर्षांची शिक्षा केली. इकोनिया, न्वानेडिया आणि न्वुगो या ओलोकोच्या तीन पुढारी बायकांनी हा भाग शांत ठेवला. पण बातमी बाजारांच्या वाटेने पसरली, आणि मुखिया पाडता येतो हे साऱ्यांना कळले.

डिसेंबर उजाडेपर्यंत आंदोलन ओवेरी आणि कलाबार प्रांतांत फैलावले. इग्बोंबरोबर इबिबियो, अंडोनी, ओपोबो इथल्या बायकाही उठल्या. सुमारे ६,००० चौरस मैलांचा, २० लाख वस्तीचा मुलूख त्यात ओढला गेला. आबा शहरात एका ब्रिटिश डॉक्टरच्या मोटारीखाली येऊन दोन बायका गेल्या. त्यानंतर संतप्त जमावाने बँक आणि वखारी फोडल्या. ठिकठिकाणी मिळून १६ स्थानिक न्यायालयांवर हल्ले झाले आणि त्यातली बहुतेक मोडली किंवा जाळली गेली. बायकांनी कोणाचा जीव घेतला नाही. रोख न्यायालयांवर, मुखियांच्या घरांवर आणि युरोपियन वखारींवर होता. ज्या तीन गोष्टींनी त्यांचे जगणे घेरले होते, त्या याच.

सैनिक बायकांवर गोळी झाडणार नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांच्या समाजात बायकांच्या अशा मोर्चावर हात उगारणे हे पाप होते. उतू-एटिम-एक्पो इथे गोळीबार झाला. १६ डिसेंबरला ओपोबोत बोलणी चालू होती. बायकांवर कर नाही हे टंकलिखित करून द्यावे, म्हणून त्यांच्या प्रतिनिधी आत बसल्या होत्या. बाहेर जमलेल्या बायका कुंपणावर काठ्या आपटत होत्या. अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सर्वाधिक बळी इथेच पडले. साऱ्या आंदोलनात मिळून ५० हून अधिक बायका ठार झाल्या आणि तितक्याच जखमी झाल्या.

सरकारी दप्तरात याचे नाव ‘आबा दंगल’ असे पडले. इग्बो त्याला ‘ओगू उमुन्वान्यी’ म्हणतात, म्हणजे बायकांचे युद्ध. पहिल्या चौकशीने अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवल्यावर ओरड झाली आणि दुसरा, मोठा चौकशी आयोग नेमावा लागला. त्याने ४८५ साक्षीदार तपासले. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या जबान्यांत करापेक्षाही मुखिये आणि न्यायालयांची लाचखोरी जास्त आली. सगळ्यामागे पुरुषांचा हात असणार, हा अधिकाऱ्यांचा संशय त्या साक्षींपुढे टिकला नाही.

मागे घेतलेली सनद

परिणाम हळूहळू, पण खोलवर झाले. वॉरंट चीफांची व्यवस्था मोडीत निघाली. १९३० च्या दशकात गावांच्या गटांना आपले प्रतिनिधी स्वतः पाठवता येतील अशी न्यायालये आणि परिषदा आल्या, आणि काही ठिकाणी त्यांत बायकाही बसल्या. सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना गावोगाव बसवून तिथली भावकी, पदव्या, सभा, रीतीभाती लिहून काढायला लावले. मानवशास्त्रज्ञ सी. के. मीक यांचा इग्बो कायदा आणि सत्ता यांवरचा ग्रंथ १९३७ मध्ये आला. सिल्व्हिया लीथ-रॉस आणि मार्गारेट ग्रीन यांनी इग्बो स्त्रियांचा खास अभ्यास केला. तीस वर्षे राज्य केल्यावर राज्यकर्त्यांनी गांभीर्याने विचारले की हे लोक मुळात जगतात कसे. कर मात्र उठला नाही, आणि १९३८ मध्ये ओकिग्वे आणि बेंडे भागांत बायका पुन्हा करावरून रस्त्यावर आल्या.

यानंतरच्या प्रतिकाराची हत्यारे बदलली. सुरुवातीला मिशनच्या शाळेत इग्बो घराणी गुलामांची किंवा बहिष्कृत ‘ओसू’ घरांतली मुले पाठवत. पुढे शाळा उभारण्यासाठी गावागावांत चढाओढ लागली. शहरांत गेलेल्या तरुणांनी आपापल्या गावांची मंडळे काढली. ती वर्गणी काढून शाळा बांधत, मुले परदेशी धाडत. जुन्या भावकीचेच हे नवे रूप. ओनित्शाच्या घराण्यातले न्नामदी अझिकिवे वर्तमानपत्रे आणि राजकीय पक्ष यांच्या जोरावर साऱ्या नायजेरियाचे पुढारी झाले. त्यांच्या नावाने उभी राहिलेली ‘झिकिस्ट’ चळवळ १९४६ पासून ब्रिटिशांविरुद्ध अधिक आक्रमक भाषा बोलू लागली.

१८ नोव्हेंबर १९४९ रोजी एनुगूच्या इव्हा व्हॅली खाणीत थकलेल्या वेतनावरून मजुरांचे ‘संथ काम’ आंदोलन चालू होते. खाणीतली स्फोटके हलवायला पोलीस आले. मजूर डोक्याला, मनगटाला लाल कापडाच्या चिंध्या बांधून गात-नाचत त्यांच्याभोवती जमले. ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याने याला हल्ल्याची तयारी समजून गोळी झाडायला सांगितले. २१ मजूर ठार आणि ५१ जखमी झाले. ओपोबोत वीस वर्षांपूर्वी हेच घडले होते. समोरच्याच्या गाण्या-नाचाचा अर्थ कळला नाही आणि उत्तर गोळीने दिले गेले. या वेळी मात्र निषेध साऱ्या नायजेरियात उठला आणि वेगवेगळ्या जमातींचे पुढारी एका व्यासपीठावर आले. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. अझिकिवे आधी गव्हर्नर जनरल आणि १९६३ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

रणांगणावर इग्बो हरले, यात शंका नाही. मॅक्सिम तोफेपुढे एकटे गाव टिकत नव्हते, आणि गावागावांतली फूट ब्रिटिशांच्या पथ्यावर पडली. पण ज्या विखुरलेपणामुळे एक फौज उभी राहू शकली नाही, त्याच विखुरलेपणामुळे एका सहीने मुलूख हाती देणेही कोणाला शक्य झाले नाही. सरकारने मग कागदावर मुखिये निर्माण केले. त्या मुखियांना सनद सरकारने दिली होती, ती त्यांच्याकडून काढून घेतली ओलोकोच्या बायकांनी.